कटऑफची ओळ चुकली आणि दहा दिवस गेले

लेकीला सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, ९७ च्या वर पर्सेंटाईल आले तेव्हा घरात पेढे वाटले. अर्ज झाला, कागदपत्रांची पडताळणीही झाली. अडलो ते 'आता कुठं लागेल?' या प्रश्नावर.

आम्ही कोल्हापूरचे. तिला पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर हवं होतं. फी भरून एका समुपदेशकांकडं गेलो. त्यांनी छापील यादी हातात ठेवली. प्रत्येक कॉलेजपुढं गेल्या वर्षीच्या कटऑफचा, म्हणजे शेवटचा प्रवेश जिथं थांबला त्याचा, एकच आकडा, आणि आमच्या कॉलेजपुढं हिरवी खूण: नक्की. त्या खुणेच्या भरवशावर आम्ही हॉस्टेलसुद्धा बघून आलो.

शंका आली ती लेकीला. प्रवेश देणाऱ्या सरकारी सीईटी सेलची कटऑफची मूळ पीडीएफ मोबाईलवर बघत होती. म्हणाली, "आई, इथं एका ब्रँचला एक आकडा नाहीच. एच वेगळा, ओ वेगळा." एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. अशा कॉलेजांत ७० टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केलेल्या मुलांच्या, ३० टक्के बाहेरच्यांच्या, म्हणजे ओ. आमची बारावी शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली, म्हणजे पुण्यात आम्ही ओ. यादीतला आकडा एचचा होता. ओच्या ओळीत तिचा मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, शेवटच्या नंबराच्या बराच मागं पडत होता.

समुपदेशकांना फोन केला तर उत्तर आलं, "साधारण तेवढंच असतं हो." साधारण! पोरगी रात्रभर रडली. मला अजून राग येतो, कारण ज्या घरात पीडीएफ उघडणारं कुणी नाही ते घर त्या हिरव्या खुणेवरच फॉर्म भरणार.

मग आम्ही दोघींनी वही घातली. आधीच्या दोन वर्षांच्या कटऑफ याद्या, प्रवेशाच्या प्रत्येक फेरीच्या वेगळ्या. पर्सेंटाईल बाजूला ठेवून मेरिट नंबर लिहिला, कारण आपल्यापुढं रांगेत किती जण आहेत ते त्यावरूनच कळतं. मुलींच्या ३० टक्के जागांची ओळ एलने सुरू होते, तीही उतरवली. पुण्याच्या सीओईपी, मुंबईच्या व्हीजेटीआय या कॉलेजांना एस, म्हणजे राज्यस्तर. तिथं कोल्हापूर-पुणे फरक नाही.

फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रँचचे पर्याय आवडीच्या क्रमानंच भरा. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. फक्त पहिला पर्याय मनापासून हवा असलेलाच ठेवा. पहिल्या फेरीत तोच मिळाला तर जागा आपोआप गोठते, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद.

दुसऱ्या फेरीत सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. वहीत तिनं पेन्सिलीनं 'लागू शकेल' लिहिलं होतं, तेच.

आणि हो, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिकवणी शुल्क माफ असलेल्या जागांचा, चॉईस कोड (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-ब्रँचचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी असलेला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आम्हाला हे कळलं तोवर फॉर्म लॉक झाला होता.