पाळ्यांचा तक्ता

आपल्याकडे पाहुण्याने जेवल्यावर स्वतःचे ताट उचलले, तर घरची बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच ते त्याच्या हातातून काढून घेते. ग्योटिंगेनला शिकत असताना मी ज्या जर्मन कुटुंबात राहिलो, तिथे मला पहिल्याच संध्याकाळी भांडी धुण्याचे यंत्र कसे लावायचे ते शिकवण्यात आले आणि फ्रिजवरच्या पाळ्यांच्या तक्त्यात माझे नाव लिहिले गेले. इतक्या लांबून आलेल्या माणसाला कोणी चहासाठी आग्रह करण्याऐवजी कामाला लावते, हे पाहून माझ्यातला सातारकर चांगलाच दुखावला.

माझ्या वाट्याला कचरा आला होता. कागद निळ्या डब्यात, प्लास्टिकची वेष्टने पिवळ्यात, भाज्यांची साले वेगळी. काचेच्या बरण्या मात्र रस्त्यावरच्या सार्वजनिक टाक्यांत, त्याही पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच निवडून टाकायच्या. रविवारी ते करायचे नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो, आणि रविवारची विश्रांती १९१९ च्या वायमार राज्यघटनेपासून घटनेनेच राखलेली आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर २५ सेंट अनामत परत मिळत असल्याने ते खाते घरातल्या धाकट्या मुलाने स्वतःकडे ठेवले होते.

सर्वांत अवघड गेल्या त्या खिडक्या. बाहेर बर्फ असताना हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या, हा मला सुरुवातीला निव्वळ छळ वाटे. पण त्या घट्ट बंद घरांत श्वासाची, आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ कोंडून राहते, थंड भिंतींवर तिचे पाणी होते आणि तिथे बुरशी धरते. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत नुसती गार पडते आणि हवाही नीट बदलत नाही.

घरच्या बाईंना नावाने हाक मारावी, अशी त्यांचीच इच्छा होती. आईच्या वयाच्या बाईला एकेरी नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून हाक न मारताच बोलणे सुरू करण्याची कला मी साधली. मनात मात्र त्या काकूच होत्या. फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला जाण्याआधी आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या आणि त्यांनी त्या बाईंना मावशी मानले. परक्या घरात नाते जोडल्याखेरीज आपल्या माणसाला चैन पडत नाही, एवढे खरे.

संध्याकाळचे जेवण साडेसहाला आणि थंड असे: लाकडी फळीवर पाव, चीज, काकडी आणि त्यांच्यासाठी सॉसेज. गरम जेवण दुपारीच होऊन जाई. गरम भाताशिवाय रात्र काढणे अगदीच जड होऊ लागले, तेव्हा परवानगी काढून मी एकदा पिठले केले. त्या मंडळींनी ते पावावर लोण्यासारखे पसरून, काकडीचे काप ठेवून खाल्ले, आणि ते वाईट लागत नाही हे मलाही मान्य करावे लागले. हिंग-लसणीच्या फोडणीमुळे त्या रात्री खिडक्या चांगल्या तासभर उघड्या राहिल्या. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात काकूंनी शनिवारची रात्र माझ्या स्वयंपाकासाठी लिहून टाकली होती.