लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, भर अटलांटिकवर

येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. त्या दिवशी आम्ही दोघं अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर असू, 'क्वीन मेरी २' या बोटीवर. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री. तिकिटं काढून झाली आहेत आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

लेक न्यू जर्सीत असते, त्यामुळे अमेरिका आम्हाला नवी नाही. पण दर वेळी तेच होतं. रात्री सहार विमानतळावर बसायचं, अर्धवट झोपेत दोनदा जेवायचं आणि उतरलं की एकदम हडसनचा काठ. मधला एवढा मोठा समुद्र गेला कुठे, हे विचारायलाही सवड मिळत नाही. यांना हे फार लागतं. यांची सगळी नोकरी गोदीत झाली, इंदिरा डॉकच्या शेडमध्ये. जगभरच्या बोटी धक्क्याला लागताना पाहिल्या, त्यांचा माल मोजून उतरवून घेतला, पण बोटीने परदेशी जाण्याचा योग काही आला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा दुबईला गेलो होतो, तेव्हा पोर्ट रशीदमध्ये कायमची उभी केलेली 'क्वीन एलिझाबेथ २' पाहिली. १९६९ साली पहिल्या सफरीवर निघालेली, २००८ मध्ये निवृत्त झालेली आणि २०१८ पासून हॉटेल म्हणून चालणारी बोट. हे तिच्या डेकवर कठड्याला हात लावून बराच वेळ उभे होते. परत येताना टॅक्सीत म्हणाले, "अगं, चालणाऱ्या बोटीवर जायला हवं." मला तेव्हाच कळलं की आता जायचंच.

ओळखीच्या सगळ्यांना आम्ही क्रूझला चाललोय असं वाटतं. क्रूझ वाईट नसते, पण ही बोट वेगळ्या जातीची, लायनर आहे आणि तो फरक मला समजावून सांगावासा वाटतो. क्रूझची बोट म्हणजे फिरतं हॉटेल. हवा बिघडली तर ती वाट बदलते, बंदर गाळते. लायनर बांधतात ती ठरल्या दिवशी महासागर ओलांडून पलीकडे पोचवण्यासाठी. आज तशी वापरात असलेली 'क्वीन मेरी २' ही एकच. फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत ती बांधली आणि ८ जानेवारी २००४ ला राणी एलिझाबेथ यांनी साउथॅम्प्टनला तिचं नामकरण केलं. तिचे रचनाकार स्टीफन पेन. लांबी ३४५ मीटर. तेवढ्याच आकाराच्या क्रूझच्या बोटीपेक्षा तिच्यात सुमारे ४० टक्के जास्त पोलाद आहे, कारण उत्तर अटलांटिकच्या लाटा सोसायच्या आहेत. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लांब आणि निमुळती, लाट कापत जाणारी. जीवरक्षक होड्याही नेहमीपेक्षा बऱ्याच वर टांगलेल्या, लाटेचा मार लागू नये म्हणून. वेग ३० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर. पाण्यावरच्या एवढ्या मोठ्या वस्तूसाठी हा वेग फार झाला. बोट ढकलणाऱ्या पंख्यांची जादा पाती पुढच्या डेकवरच उभी करून ठेवली आहेत, एखादी शिल्पं मांडावी तशी. बोटीवर काय काय बघायचं याची यांनी यादी केली आहे आणि पहिल्या ओळीत ही पाती आहेत.

निघायच्या आधी मुंबईतल्या विलायतेच्या बोटींच्या जुन्या धक्क्याला, बॅलार्ड पिअरला जाऊन यायचं, हेही यांनीच ठरवलं. मागच्या शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरून चालत गेलो. रविवारी गेलो नाही, कारण तिथलं ब्रिटानिया हॉटेल बंद असतं.

बॅलार्ड इस्टेट मला नेहमीच मुंबईत राहून मुंबईबाहेरची वाटत आली आहे. रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती, झाडं आणि सुट्टीच्या दिवशी अगदी सामसूम. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजेच आजचा इंदिरा डॉक, खोदताना जी माती-दगड निघाली तिची भर घालून ही २२ एकर जमीन तयार केली. इमारतींची आखणी जॉर्ज विटेट यांची, ज्यांनी पुढे गेटवे उभारला. यांनी एका इमारतीपुढे मला थांबवलं, मॅकिनन मॅकेंझीच्या. ही कंपनी पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींची एजंट. विलायतेला जाणाऱ्या कित्येकांची तिकिटं याच पेढीकडून निघाली असतील. विलायतेची टपाल बोट धक्क्याला लागली की प्रवासी उतरायचे आणि शेजारच्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनात आगगाडीत बसायचे. आपली पंजाब मेल पूर्वी तिथूनच सुटायची. आज त्या स्टेशनाचा मागमूस नाही, आणि कुंपणाबाहेर उभं राहून यांनी बोटाने हवेत रूळ काढून दाखवले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या वाटेची एखादी ठळक खूण तिथे असायला हवी होती.

या धक्क्यावरून कोण कोण गेलं! ४ ऑक्टोबर १९३० ला डॉ. आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला गांधीजी 'राजपुताना'ने निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले, मार्सेलपासून पुढे आगगाडीने. म्हणजे दोन आठवडे. देशाचं भवितव्य ठरवायला निघालेल्या माणसांना वाटेत दोन आठवडे समुद्र होता. वाचायला, लिहायला, विचार करायला, नुसतं बघत बसायला. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'बद्दल एक गोष्ट मला यांच्याकडून नव्याने कळली. वाफेच्या टर्बाइनने वीज तयार करायची आणि त्या विजेवर मोटार फिरवून पंखा चालवायचा, अशी तिची १९२९ सालची रचना होती. 'क्वीन मेरी २'चे पंखेही विजेच्या मोटारींवर चालतात. मोटारी बोटीच्या पोटात नसून खाली पाण्यात लोंबणाऱ्या पॉडमध्ये असतात, हा मोठा फरक.

आणि सिंदिया हाउस. इथे मात्र मीच यांना थांबवलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंदिया कंपनी काढली ती समुद्रावरची ब्रिटिशांची मक्तेदारी मोडायला. त्यांची पहिली बोट 'लॉयल्टी', ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण ही 'लॉयल्टी' मुळात कोण होती? कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', प्रशांत महासागर ओलांडणारी देखणी लायनर. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेऊन जखमी सैनिकांसाठी इस्पितळ केली, तिचं नाव बदललं आणि युद्धानंतर ती वालचंदांच्या कंपनीकडे आली. शेवटी १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. कंपनीच्या नावातलं 'सिंदिया' या शिंदे महाराजांवरून आलं. लायनर ही गोऱ्यांची चैन, आपला तिच्याशी काय संबंध, असं आमच्याकडे एक-दोघांनी बोलून दाखवलं. त्यांना मी या इमारतीसमोर घेऊन जाणार आहे.

मग ब्रिटानियात बेरी पुलाव आणि कॅरॅमल कस्टर्ड. हे इराणी हॉटेल १९२३ पासूनचं आहे. ज्या क्युनार्ड कंपनीच्या बोटीने आम्ही जाणार, तिची १८४० सालची पहिली टपाल बोटही 'ब्रिटानिया' आणि 'क्वीन मेरी २'वरच्या मोठ्या भोजनगृहाचं नावही तेच. हे कळल्यावर यांनी आणखी एक कस्टर्ड मागवलं.

आता बोट लागण्याचं. मला घाटात गाडी लागते, त्यामुळे सात दिवस कसे निघणार ही धास्ती होती. म्हणून सरावाला भाऊच्या धक्क्यावरून रोरोने मांडव्याला जाऊन आलो. २०२० पासून ही बोट सुरू आहे, तासाभरात पोचवते. खाली गाड्या, वर माणसं. सुटताना इंजिनाची थरथर आधी तळपायाला कळते आणि मग धक्का हळूच मागे सरकतो. आम्ही वर उघड्यावर उभे राहिलो. डावीकडे घारापुरीचा डोंगर, मागे धुरकट मुंबई, आणि थंडीचे दिवस असल्याने कुरव पक्ष्यांचा थवा बोटीच्या बरोबरीने. एक कुरव कठड्यापासून हातभर अंतरावर आमच्याच वेगाने उडत होता, इतका बरोबरीने की हवेत नुसता टांगल्यासारखा दिसत होता. लालसर चोच, डोळ्यामागे काळा ठिपका, पंखाचं टोक वाऱ्यात किंचित थरथरणारं. त्याच्याकडे बघता बघता मला आपल्याला काहीच होत नाहीये हे ध्यानात आलं. खोल समुद्र वेगळा, हे मान्य. लांब बोटीला लाट कमी जाणवते आणि मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खोली सर्वांत स्थिर, म्हणून आम्ही तशीच खोली घेतली आहे. शिवाय दादरहून आलेपाक घेणार आहे.

खरा सल्ला सासूबाईंनी दिला. पंच्याऐंशी ओलांडली आहे, पण आठवण लख्ख. त्या लग्न होऊन देवगडहून मुंबईला आल्या त्या कोकण बोटीने. त्या काळी कोकणात जायचं म्हणजे बोटच. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं करत ती जायची. बरीच बंदरं अशी की बोट बाहेर खोल पाण्यात नांगरून राहायची आणि माणसं मचव्यातून तिच्यापर्यंत न्यायचे. सासूबाई सांगतात, मचवा वर-खाली होतोय, बोटीच्या दाराशी खलाशी हात पुढे करून उभा, आणि मचवा लाटेवर चढला की त्या क्षणी त्याचा हात धरायचा. नऊवारीचा काचा मारलेला, अंगावर नवे दागिने, कडेला ट्रंक. "बोट लागाक लागली की पायाकडे बघू नको गो, लांब बघ," हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

नातेवाइकांना मात्र टायटॅनिक आठवते. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणार म्हटलं की फोनवर क्षणभर शांतता. मी सगळ्यांना तेच सांगते. १५ एप्रिल १९१२ च्या त्या रात्रीनंतर सगळ्यांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या सक्तीच्या झाल्या, १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच वर्षापासून उत्तर अटलांटिकमधल्या हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त सुरू झाली, ती आजही चालू आहे. सासूबाईंच्या मनात टायटॅनिक नाही, त्यांच्या मनात 'रामदास' आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. भर पावसाळ्यातली, माणसांनी गच्च भरलेली बोट. त्यांच्या माहेरच्या आळीत त्या दिवसाबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे. त्यामुळे त्यांनी 'जा' म्हटलं याला माझ्या लेखी सगळ्या आकडेवारीपेक्षा जास्त वजन आहे.

बोटीवरच्या दिनक्रमात मला सर्वांत आवडलेली गोष्ट घड्याळाची. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक. विमानात तो एका झटक्यात अंगावर येतो आणि मग आठवडाभर रात्री तीनला डोळे टक्क उघडे. बोटीवर पश्चिमेला जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. आमचा लग्नाचा वाढदिवस त्यातलाच एक व्हावा अशी माझी फार इच्छा आहे. त्या तासात काय करायचं ते ठरलंय, डेकवर फिरायचं. बोटीला पूर्ण वळसा घालणारा डेक आहे, तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटर होतात. आमच्या शिवाजी पार्कच्या सकाळच्या फेऱ्या चुकणार नाहीत.

दोन-तीन संध्याकाळी औपचारिक पोशाख लागतो. पुरुषांनी काळा सूट आणि बो, पण आपला राष्ट्रीय पोशाखही चालतो. यांचा बंदगळा शिवायला टाकला आहे. मी लग्नातला शालू नेणार. रफू करायला दिला तेव्हा पदराच्या घडीवर जर थोडी सुटलेली दिसली, ती रफूगाराने इतकी नाजूक धरून दिली की उजेडात धरूनही सापडत नाही.

नातवाला यातल्या कशाचंच कौतुक नाही. त्याला दोन गोष्टी हव्यात. एक, बोटीवर कुत्र्यांना नेता येतं, त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे आणि तिथे लिव्हरपूलचा दिव्याचा खांब नि न्यूयॉर्कचा आगीच्या बंबाचा नळ उभा केला आहे, त्याचे फोटो. दुसरं, भोंगा. बोटीचा एक भोंगा १९३६ सालच्या मूळ 'क्वीन मेरी'वरचा आहे आणि तो दहा मैलांवर ऐकू जातो म्हणतात. पहाटे न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जाताना धुराडं आणि पूल यांच्यात जेमतेम चार मीटरचं अंतर राहतं. पुलाचा हिशेब धरूनच बोटीची उंची ठरवली होती. मग उजवीकडे ब्रुकलिन, तिथल्या धक्क्यावर लेक, जावई आणि तो. आम्ही दिसलो नाही तरी भोंगा ऐकायला तो पहाटे उठणार आहे, असं फोनवर सांगतो.

अमेरिकेचा व्हिसा आहे. इंग्लंडचा राहिलाय, आणि त्यासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीच अर्ज करता येतो, त्याहून लवकर नाही. म्हणजे फेब्रुवारीत. यांनी सगळे कागद निळ्या फाइलमध्ये लावून ठेवलेत. लंडनला दोन दिवस थांबून वॉटर्लूहून साउथॅम्प्टनची गाडी घ्यायची, की हीथ्रोहून थेट बस करायची, यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही. मला गाडी हवी आहे.