आमची वाटचाल: मीटर लावल्याशिवाय रिपोर्ट नाही

लातुरात एनर्जी ऑडिटची, म्हणजे वीज कुठं वाया जाते ते मोजून सांगायची फर्म काढली तेव्हा लोक विचारायचे, "म्हणजे वायरिंगचं काम का?" 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची) परीक्षा, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. महावितरणचं बिल पुढं ठेवून कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात मागून ठेवलेला लोड) किती आणि लागते किती, हे दाखवलं की बसायला खुर्ची मिळायची.

पहिलं मोठं काम एका डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याचं. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं माळवदं गेली, स्लॅब आले. वरच्या मजल्यावरचा त्यांचा वॉर्ड अशाच स्लॅबखाली. मे महिन्यात रात्रीसुद्धा एसी दम खात नव्हते. सगळ्यांचा सल्ला एकच, एसी बदला. आमचे वायरमन मामा, म्हणजे माझे पहिले भागीदार, लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घेऊन गच्चीवर आणि मी खाली वॉर्डात. ऊन कलल्यावर गच्ची निवत गेली, पण खालून छताचा आकडा चढतच राहिला. म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडत होता, दोष एसीचा नव्हता. डॉक्टरांनी नव्या एसीची ऑर्डर थांबवली आणि गच्चीवर ऊन परतवणारं पांढरं चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचं) करून घेतलं. तेव्हापासून साधा फ्रीज घ्यायचा तरी आधी मला फोन!

गनवरून आठवलं. चकचकीत पत्र्यावर ती थेट रोखू नका, खोटं बोलते. काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा, मग मोजा. आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) घेणार असाल तर ट्रू आरएमएसचाच, म्हणजे वेड्यावाकड्या लहरीचा करंटही नीट मोजणारा घ्या. एलईडी आणि यूपीएसच्या लोडवर स्वस्तातला मीटर कमी दाखवतो.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पाण्याचं ऑडिट करून तगलो. खरी कंबर मोडली ती नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, लाटेत. सातव्या निकषात ऊर्जा आणि पर्यावरण ऑडिट आलं आणि दर कॉलेजला सर्टिफिकेट हवं झालं. बाहेरच्या एका फर्मनं आमच्या गाडीभाड्याएवढ्या पैशात ते वाटायला सुरुवात केली. माणूस येणार नाही, मीटर लागणार नाही, पीडीएफ मात्र रंगीत. त्यातला एक रिपोर्ट प्राचार्यांनीच मला दाखवला. लिफ्टच्या मोटरची शिफारस होती, आणि कॉलेजला लिफ्टच नाही! ईपीआय, म्हणजे इमारतीच्या वीजवापराचा निर्देशांक, वर्षाचे युनिट भागिले बांधीव चौरस मीटर; कमी तितका चांगला. यांनी सायकल स्टँडही बांधीव धरलं, आकडा आपोआप गोजिरा. हे सगळं दिसत असून प्राचार्य म्हणाले, "सर, फाईलला चालतं." त्या वर्षी पोरांचे पगार मामांच्या पेन्शनीतून झाले. मामांनी ते परत घेतले नाहीत, आणि त्या फर्मचं बोर्ड दिसलं की अजून माझं डोकं फिरतं.

पुढं त्याच कॉलेजचं बिल फुगलं. 2020 पासून एचटीला (उच्चदाब जोडणीला) केव्हीएएच बिलिंग, म्हणजे कामी न येणारी वीजही मोजणारं, असल्यानं पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते त्या प्रमाणाचा) दंड वेगळा छापून येत नाही, युनिटमध्येच मिसळतो. पॉवर फॅक्टर सांभाळणारं कपॅसिटर पॅनल कधीचं मेलं होतं. रंगीत पीडीएफमध्ये ते "उत्तम स्थितीत" होतं.

बोलावलं म्हणून गेलो. आता कुठलंही कॉलेज असो, निम्मे पैसे आगाऊ घेतो आणि मागच्या 12 महिन्यांची बिलं हातात पडल्याशिवाय गाडी काढत नाही.