पालकसभेचा शनिवार

आमच्या बेळगावात पालकसभा बहुधा शनिवारी असते, आणि शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस.

कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत टोकन मिळतं. दहा मिनिटं वेळ. बाकड्यावर रांगेत बसलेल्या पालकांचे चेहरे दाढ काढायला आल्यासारखे. गणपत गल्लीत आठवडाभर गिऱ्हाइकाला गप्प करणारा दुकानदार इथं हात मांडीवर ठेवून "येस मॅडम, शुअर मॅडम" करत असतो. मॅडम शहापूरच्या, घरी शुद्ध मराठी. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंनी इंग्रजीच चालतं: हँडरायटिंग इम्प्रूव्ह व्हायला पाहिजे, मॅथ्समध्ये कॉन्सन्ट्रेशन नाही. संध्याकाळी खडेबाजारात तोच दुकानदार भेटला की मॅडम म्हणतात, "पोरगं हुशार आहे हो, नुसतं खिडकीतनं बाहेर बघत बसतंय." हे सकाळी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

खेड्यातल्या सरकारी मराठी शाळेत टोकन नाही, वेळही नाही. सकाळची शाळा सुटली की बायका पिशव्या घेऊन व्हरांड्यात टेकतात, इथनंच पुढं बाजाराला जायचं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे शाळेच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक, आणि निम्म्या बायका हव्यात. आमच्याकडं ह्या समितीला सगळे एसडीएमसी म्हणतात, म्हणजे स्कूल डेव्हलपमेंट अँड मॉनिटरिंग कमिटी. वरून आलेलं परिपत्रक कन्नडमध्ये, ते सर वाचून मराठीत सांगतात. मग माध्यान्ह आहारातली डाळ, संडासाचं पाणी, मोडलेलं गेट. पोरांच्या अभ्यासाचं नाव नाही.

ते निघतं शेवटी, चपला घालताना. बाई एका आईचा दंड धरतात. "अगं, पाढे चांगले म्हणतोय. पण भातकापणीला आठ दिवस शाळेला नाही, आणि आजी बरी आहे काय आता?"

"बरी हाय. तुमीच दोन फटके द्या की त्याला, बाई."

त्याच कायद्यानं फटके बंद केलेत, हे बाई दरवेळी सांगतात. कुणी मनावर घेत नाही. कन्नडचे सर जाताजाता दुसरीला म्हणतात, "पोरगी छलो ओदताळ्री," म्हणजे चांगलं वाचते, तीही "हौद्री सर", होय हो सर, म्हणून हसते.

मला विचाराल तर पोराची खरी चौकशी ह्या चपलांपाशीच होते. तरी दरवर्षी पहिलीचा पट घटतोच आहे, आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात आतपर्यंत येते. समितीच्या अध्यक्षांची थोरली इथं सातवीत, धाकटा त्या गाडीनं जातो. आज त्यांचं टोकन साडेबाराचं होतं. रजिस्टरवर सही करून ते केव्हाच निघून गेले होते.