टेबलावरचे पाच गोळे

आज कपाट आवरताना जुन्या कागदांखाली 'न्यूटन्स क्रेडल' सापडले, म्हणजे एका रांगेत टांगलेल्या पाच गोळ्यांचे ते खेळणे, ज्यात एका टोकाचा गोळा उचलून सोडला की दुसऱ्या टोकाचा उसळतो. पाचांपैकी एका गोळ्याचा दोरा सुटला होता. तो बांधण्यात सकाळचा तास गेला, कारण एक गोळा केसभर जरी वरखाली राहिला, तरी टक्कर सरळ रेषेत होत नाही आणि सगळी रांग वेडीवाकडी डोलू लागते. प्रत्येक गोळा दोन दोऱ्यांनी का टांगलेला असतो, हे मला त्या खटपटीतच खरे उमगले.

गंमत अशी की, हे खेळणे न्यूटनने केलेलेच नाही. टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचे प्रयोग फ्रान्सच्या एदम मारियोत याने सतराव्या शतकात केले आणि १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथात न्यूटनने त्याचा उल्लेखही केला. या उपकरणाला न्यूटनचे नाव देऊन ते खेळणे म्हणून बाजारात आणले १९६७ मध्ये, तेही सायमन प्रेबल या इंग्रज अभिनेत्याने! सुरुवातीची चौकट लाकडी होती. साहेबांच्या टेबलाची शान ठरलेले चकचकीत क्रोमचे रूप नंतरचे. मारियोतवर हा अन्यायच झाला, असे मला वाटते.

दोन गोळे उचलून सोडले, तर पलीकडून दोनच उसळतात. एकच गोळा दुप्पट वेगाने का उडत नाही, याचे उत्तर असे की, तसे झाल्यास संवेग (वस्तुमान गुणिले वेग) जुळेल, पण गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा) दुप्पट होईल, आणि ती आपोआप वाढू शकत नाही. दुपारभर मी ते करून पाहत होतो. दर टकटकीत थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, म्हणून हळूहळू पाचही गोळे एकत्रच झुलू लागले.