तुम्ही विचारलंत म्हणून: ‘स्टार्क’वरचा हल्ला खरोखर चुकून झाला होता का?

नौदलांच्या इतिहासावर मी लिहितो, म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. १७ मे १९८७ च्या रात्री इराणच्या आखातात इराकी विमानाने अमेरिकेच्या ‘यूएसएस स्टार्क’ या फ्रिगेटवर (मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर) दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे डागली, ३७ नौसैनिक मृत्युमुखी पडले आणि इराकने चूक झाल्याचे सांगितले. ते खरे मानायचे का? समोरची नौका अमेरिकेची आहे हे वैमानिकाला बहुधा ठाऊक नव्हते, असे माझे मत आहे. मात्र त्या रात्री चूक त्याची एकट्याची नव्हती.

इराण-इराक युद्धाचे ते सातवे वर्ष होते आणि दोन्ही देश एकमेकांचा तेलव्यापार तोडण्यासाठी टँकरांवर हल्ले करत होते. रडारवर मोठा ठिपका दिसला की दुरूनच क्षेपणास्त्र सोडायचे आणि परत फिरायचे, लक्ष्य डोळ्यांनी पाहायचेही नाही, ही इराकी वैमानिकांची नेहमीची रीत होती. अशा लढाईत कधी ना कधी तिऱ्हाइताचा बळी जाणारच होता. सद्दाम हुसेन यांनी माफी मागितली आणि १९८९ मध्ये इराकने मृतांच्या कुटुंबांसाठी सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर दिले. परंतु अमेरिकी चौकशी पथकाला त्या वैमानिकाशी बोलू दिले नाही. त्यामुळे त्याच्या मनात काय होते, हे कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

मला अधिक अस्वस्थ करते ते नौकेवर घडलेले. सौदी अरेबियातून काम करणाऱ्या अवॅक्स टेहळणी विमानाने ते इराकी विमान आधीच हेरले होते आणि ‘स्टार्क’ला तशी खबर होती. रेडिओवरून दोनदा ओळख विचारली गेली, उत्तर आले नाही. विमानाच्या रडारने नौकेवर नेम धरल्याचेही कळले. तरीही क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी बसवलेली फॅलँक्स तोफ स्वयंचलित स्थितीत नव्हती आणि शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी हवेत धातूच्या पट्ट्या उधळणारी यंत्रणाही सज्ज नव्हती. येणारी क्षेपणास्त्रे पहाऱ्यावरच्या नौसैनिकाने डोळ्यांनीच पाहिली, तेव्हा हातात काही सेकंद उरले होते. इराकी विमाने या भागात नेहमीच येतात आणि आपल्या वाटेला जात नाहीत, ही समजूत इतकी मुरली होती की यंत्रांनी दिलेला इशाराही कोणी गंभीरपणे घेतला नाही. कप्तान ग्लेन ब्रिंडेल यांना पदावरून दूर करून निवृत्त व्हायला लावले गेले. जबाबदारी त्यांची होतीच, पण त्या समजुतीचा उगम वॉशिंग्टनमध्ये होता, कारण त्या युद्धात अमेरिकेचा कल उघडपणे इराककडे झुकला होता.

पहिले क्षेपणास्त्र फुटले नाही, मात्र त्यातले उरलेले इंधन नौसैनिकांच्या झोपण्याच्या कक्षात पेटले, दुसरे फुटले. आग जवळजवळ दिवसभर धुमसत राहिली. डावीकडचे भगदाड पाण्याच्या वर राहावे म्हणून ब्रिंडेल यांनी उजवीकडच्या भागात मुद्दाम पाणी भरायला लावले आणि नौका वाचली. खलाशांनी दाखवलेल्या या धैर्याबद्दल फार कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते.

या घटनेतून अमेरिकी नौदल दोन गोष्टी शिकले. एक आगीशी झुंजण्याची: एप्रिल १९८८ मध्ये ‘स्टार्क’च्याच वर्गातली ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही नौका इराणी सुरुंगावर आदळली, तिचा कणा मोडला, पण खलाशांनी ती बुडू दिली नाही आणि त्यांच्यातला एकही दगावला नाही. दुसरी गोष्ट संशयाची होती. ‘स्टार्क’नंतर कप्तानांना स्पष्ट सांगण्यात आले की धोका दिसला तर हल्ला होण्याची वाट पाहायची नाही. ३ जुलै १९८८ रोजी ‘विन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले. त्यातले सर्व २९० जण ठार झाले आणि त्यांत १० भारतीय होते. मोठे यंत्रसामर्थ्य असलेल्या त्या नौकेवरही माहिती बरोबर होती. विमान वर चढत होते, खाली झेपावत नव्हते, हे तिच्या यंत्रांनी नोंदवले होते. सज्ज न राहिल्याबद्दल ‘स्टार्क’च्या कप्तानाची कारकीर्द संपली, तर ‘विन्सेन्स’च्या कप्तानाला पुढे त्या नेमणुकीतील सेवेबद्दल पदक मिळाले.