कानातली तिसरी पाळी

दिवाळीच्या आधी कूलर धुऊन माळ्यावर टाकला आणि त्याच आठवड्यात माझी झोप उडाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला चार महिने लागले.

आवाज दोन्ही कानांत. बारीक, एकसुरी. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद करायचा राहिला की जो सूर लागायचा, तसा. दिवसा आमच्या सोलापुरात अशोक चौकाच्या गर्दीत तो आहे की नाही, कळायचंही नाही. रात्री साडेबाराला शेवटची रिक्षा गेली, की सुरू. मग मी आणि भिंतीवरचं घड्याळ. एक चाळीस. दोन पन्नास. चार.

आमचं घर पूर्व भागात. खाली कारखाना, वर आम्ही. आठ माग, चादरीचे. मी त्या खटखटीवरच लहानाचा मोठा झालो. आवाजानं कधी जाग आली नाही. उलट लाइट गेली आणि माग थांबले की अख्खं घर उठून बसायचं. कारखान्यात बोलणं म्हणजे ओठ वाचणं. सलग आठ तास ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज कानाला घातक धरतात आणि मागांच्या शेडमध्ये तो ९० सहज ओलांडतो. कानात कापूस कोणी घालायचं नाही. घातला असता तर हसले असते. २०२१ मध्ये माग भंगारात काढले, तेव्हा वाटलं, चला, आता तरी शांतता.

माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जुन्या जॉबरमामांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्या कानात तर रात्रीची तिसरी पाळी कधी बंदच झाली नाही. तुला आत्ता ऐकू आली होय?"

उपाय सगळे करून झाले. लसणाचं तेल (करू नका, पडद्याला भोक असेल तर भलतंच होऊन बसेल). कापसाचे बोळे घातले, तर बाहेरचं सगळं बंद आणि आतला सूर आणखी ठळक. कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या घेतल्या. दोन दिवस डोकं दगडासारखं. शेवटी बायकोनं धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी आधी मळ आहे का ते पाहिलं. ॲस्पिरिन घेता का, विचारलं. जास्त डोसमध्ये त्यानंही कान वाजतात. आवाज एकाच कानात आहे का, नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का, ऐकू येणं अचानक कमी झालं का? तिन्हींना नाही म्हटल्यावर त्या जरा सैलावल्या. यातलं काही असतं तर तपासण्या वेगळ्या आणि घाईच्या. मग काचेच्या खोलीत बसवून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख काढला. रेघ सरळ चालली होती, ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडली. "मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्यांची रेघ अशी असते," त्या म्हणाल्या. आतल्या कानात प्रत्येकी सुमारे १५ हजार केसपेशी, आवाज टिपणाऱ्या. मेल्या की परत उगवत नाहीत. तिकडून येणारा आवाज घटला की मेंदू स्वतःच आवाजाचं बटण वाढवतो, असं मानतात. अशा कान वाजण्यालाच टिनिटस म्हणतात, आपल्या जुन्या वैद्यांचा कर्णनाद.

गोळी? नाही, यावर खात्रीची गोळी नाही. मी खट्टू झालो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "झोप चांगली कधी लागायची?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात रात्री काय चालू असतं?"

सोलापुरात हा प्रश्न कुणाला विचारावा लागतो का? कूलर!

म्हणजे आवाज वाढला नव्हता, त्याच्यावरचं पांघरूण निघालं होतं. पुढचं मी स्वतःच वाढवलं. झोप लागेना म्हणून कान देऊन ऐकायचो, ऐकलं की छातीत धडधड, धडधडीनं झोप आणखी लांब. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी तोच सूर जास्त टोचायचा आणि संध्याकाळपासून रात्रीची धास्ती. यावर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) नावाच्या, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा उपयोग होतो, असं त्या म्हणाल्या. मी चार वेळा जाऊन आलो. आवाज जात नाही, त्याची दहशत जाते.

आता घड्याळ स्वयंपाकघरात. वीस-एक मिनिटं झोप नाही आली तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचं. दुपारची झोप बंद. सोलापूरकराला हे किती जड जातं, ते बाहेरच्याला नाही कळायचं. आणि थंडीतसुद्धा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू, पण बारीक. कानातला सूर त्याच्या मागे थोडा ऐकू यायलाच हवा. पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याची सवय होत नाही, असं बाईंचं म्हणणं. बायकोला गार लागतं, ती दोन चादरी घेते. चादरींची आपल्याकडे काय कमी.

परवा पहाटे तीनला लाइट गेली. पंखा थांबला आणि मला जाग आली, लहानपणी यायची तशीच. शेजारी हीही जागी.

"अहो, वाजतंय का?"

"वाजतंय."

"वाजू दे मग," म्हणाली आणि माझ्या अंगावरची चादर तिसरी म्हणून ओढून घेतली.